चित्रकाराचें दफ्तर

गेल्या दिवाळीनंतर वरुडांतील आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आमच्याकडे आले, ते थोडे खिन्न दिसले. हे गृहस्थ पेशानें शिक्षक. परंतु चित्रकलेची हौस त्यांना लहानपणापासूनची, आणि गेलीं दहा-बारा वर्षें शाळा सुटल्यावर संध्याकाळच्या वेळीं ते लोकांच्या मागणीवरून चित्रें काढून देत आले आहेत. कोणास दिवंगत वडिलांची तसबीर हवी असते, कोणास नव्या वास्तूंत लावण्यास विठ्ठल-रखुमाई हवीं असतात, कोणास लग्नांत आहेर म्हणून नवरा-नवरीचें चित्र द्यावयाचें असतें. मोबदला बेताचा, पण काम मनापासूनचें. त्या दिवशीं झालें होतें असें कीं, पुण्याच्या एका कुटुंबानें त्यांचें नांव ऐकून आपल्या आजोबांचें चित्र काढवून घेण्याचें मनांत आणलें, आणि साहजिकच विचारलें, "आपलीं पूर्वींचीं चित्रें कोठें पाहावयास मिळतील?" गृहस्थांनीं शोधाशोध केली, तों सतरा चित्रांचीं छायाचित्रें काय तीं सांपडलीं. बाकीचीं जुन्या मोबाइलमध्यें होतीं, आणि तो मोबाइल दोन वर्षांपूर्वीं बंद पडला तो पडलाच. "दहा वर्षांचें काम लोकांच्या भिंतींवर आहे," ते म्हणाले, "पण तें मीं केल्याचा पुरावा माझ्यापाशीं नाहीं."

इंटरनेटवर आपल्या चित्रांची एक चित्रशाळा मांडावी असें त्यांनीं ठरविलें होतें, आणि ती कशी मांडावी हें विचारावयास ते आले होते. आम्ही चित्रकार नव्हों, यंत्रज्ञहि नव्हों. जुने कागद चाळण्याची तेवढी आम्हांस संवय. म्हणून त्यांच्या प्रश्नाचें उत्तर आम्ही आमच्या रीतीनें, म्हणजे इतिहासांत शोधूं लागलों. तेथें जें दिसलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण हा प्रश्न एका गृहस्थाचा नाहीं, आणि केवळ आजचाहि नाहीं.

मागणीचें चित्र ही मोठी चमत्कारिक वस्तु आहे. कवीनें कविता कोणास लिहून दिली तरी ती त्याच्यापाशीं उरतेच. मैफल संपल्यावरहि गवयाची चीज त्याच्या गळ्यांत असते. चित्रकाराचें तसें नाहीं. त्याचें चित्र एकच असतें, आणि मोबदला हातांत पडला कीं तें दुसऱ्याच्या घरीं जातें. ज्या घरीं तें जातें तेथें महत्त्व चित्रांतल्या मनुष्याला, चित्र काढणाराला नव्हे. आजोबांचें चित्र आजोबांचें म्हणून तीन पिढ्या जपलें जातें. तें कोणीं काढलें हें मात्र दुसऱ्या पिढीसच ठाऊक नसतें. अशा रीतीनें मागणी जितकी अधिक, तितका चित्रकार आपल्या कामाला अधिक पारखा होतो. यास उपाय एकच दिसतो. तो म्हणजे जें जातें त्याचें दफ्तर ठेवणें. असें दफ्तर कोणीं ठेवलें, कोणाचें दुसऱ्यांनीं ठेवलें, आणि त्याचा परिणाम काय झाला, हें पाहण्यासारखें आहे.

सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत पुण्याच्या दरबारीं चार्लस मॅलेट हा इंग्रजांचा वकील होता. त्याच्यासाठीं गंगाराम चिंतामण तांबट नांवाचा पुण्याचा एक चित्रकार काम करी. पेशव्यांच्या शिकारखान्यांतला गेंडा त्यानें १७९० सालीं काढला, आणि पुढें वेरूळच्या लेण्यांचींहि चित्रें काढलीं. ज्या काळीं आपल्याकडे लेण्यांकडे कोणी देवस्थान म्हणून पाही, कोणी पांडवांची करणी म्हणून पाही, त्या काळीं एक मराठी चित्रकार खांब न् खांब निरखून कागदावर उतरवीत होता, ही गोष्ट लहान नाहीं. परंतु हीं चित्रें मॅलेटचीं होतीं. तो स्वदेशीं परतल्यावर तीं विलायतेस गेलीं, आणि त्यांपैकीं कांहीं आज अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रांत आहेत. १८०३ सालीं लंडनांत वेरूळच्या चोवीस दृश्यांचा मोठा चित्रसंग्रह निघाला. त्यावर नांवें आहेत तीं जेम्स वेल्स या चित्रकाराचीं आणि तीं दृश्यें कोरून छापणाऱ्या टॉमस डॅनियलचीं. गंगारामाचें नांव आज आपणांस कळतें तें धन्याच्या संग्रहांत त्याची नोंद राहिली म्हणून. त्याची चित्रशाळा दुसऱ्याच्या घरांत होती, तिची किल्लीहि दुसऱ्याच्या हातांत होती. धनी नोंदी ठेवणारा नसता, तर गंगाराम हें नांवहि आज उरलें नसतें.

यापुढची गोष्ट आमच्या वऱ्हाडाच्या शेजारची आहे. अजिंठ्याची डोंगररांग आमच्या बुलढाणे जिल्ह्यांतहि पसरली आहे. त्या अजिंठ्यास १८४४ सालीं ईस्ट इंडिया कंपनीनें मद्रास पलटणींतील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्यास लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रती काढण्याच्या कामावर नेमलें. हीहि एका अर्थानें मागणीच होती, फक्त मागणारा एक सरकार होता. गिलनें १८६३ पर्यंत, म्हणजे जवळजवळ वीस वर्षें, हें काम केलें. अंधाऱ्या लेण्यांत, वटवाघळांच्या सहवासांत, तापानें आजारी पडत, त्यानें मूळ चित्रांएवढे मोठाले कापडी पट रंगविले. ते विलायतेस रवाना झाले आणि लंडनजवळील सिडनहॅम येथें क्रिस्टल पॅलेस नांवाच्या काचेच्या प्रचंड प्रदर्शनगृहांत मांडले गेले. १८६६ च्या डिसेंबरांत त्या इमारतीस आग लागली, आणि गिलचे बहुतेक सर्व पट जळून गेले. वीस वर्षांची तपश्चर्या एका आगींत खाक झाली, कारण ती सगळी एकाच छपराखालीं होती.

यावरून कोणी शहाणें झालें असें म्हणवत नाहीं. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं आपल्या विद्यार्थ्यांसह तेंच काम नव्यानें आरंभिलें. पेस्तनजी बमनजी यांच्यासारखे पुढें नांवारूपास आलेले चित्रकार त्या विद्यार्थ्यांत होते. १८८५ पर्यंत त्यांनीं शेंकडों प्रती काढल्या. त्याहि लंडनास साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयांत गेल्या, आणि त्याच १८८५ सालीं तेथेंहि आग लागून शंभराहून अधिक प्रती नष्ट झाल्या. दोन पिढ्या, दोन आगी, आणि चूक मात्र एकच. तथापि एक फरक येथें ध्यानांत घेण्यासारखा आहे. ग्रिफिथ्स यांनीं १८९६-९७ मध्यें अजिंठ्याच्या चित्रांचा दोन खंडांचा मोठा ग्रंथ छापून काढला. पट जळाले तरी त्या ग्रंथाच्या प्रती ठिकठिकाणच्या ग्रंथालयांत राहिल्या, आणि मूळ भिंतींवरील जो रंग त्यानंतर झडून गेला तो कसा होता हें पाहावयास अभ्यासकांस आजहि त्या ग्रंथाकडे जावें लागतें. गिलनेंहि पुढें कुंचला ठेवून कॅमेरा हातीं घेतला होता. त्यानें घेतलेलीं लेण्यांचीं छायाचित्रें १८६४ सालीं फर्ग्युसन या पंडिताच्या ग्रंथांत प्रसिद्ध झालीं, आणि तीं टिकलीं. १८७९ सालीं भुसावळास गिलचा अंत झाला. त्याची मोठी कृति नाहींशी झाली आणि त्याला दुय्यम वाटलें असेल तें काम उरलें. कारण त्याच्या प्रती अनेक होत्या आणि अनेक ठिकाणीं होत्या.

प्रतीचें हें सामर्थ्य ज्याला सर्वांत आधीं कळलें असें आपण म्हणूं, ते राजा रविवर्मा होत. पण त्यांच्याहि आधीं पुण्यास त्याची वाट पडली होती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७८ सालीं छापखाना काढला त्याला नांवच 'चित्रशाळा' असें दिलें. चित्रशाळा हा शब्द तोंवर राजवाड्यांतला होता. राजाच्या महालांतलें जें दालन पाहावयास सामान्यास मज्जाव, तेंच दालन छापील रंगीत चित्राच्या रूपानें चार-सहा आण्यांच्या गृहस्थाच्या ओटीवर यावें, ही कल्पना त्या नांवांत होती.

रविवर्मा यांनीं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठीं पौराणिक विषयांचीं चौदा चित्रें काढलीं. तीं बडोद्यास जाण्यापूर्वीं मुंबईस लोकांस पाहावयास मांडलीं गेलीं, तेव्हां लोक झुंडींनीं आले. मागणीचें चित्र धन्याच्या घरीं जाण्यापूर्वीं लोकांना दाखवून घेण्याची ही युक्ति आजच्या हौशी चित्रकारानें अवश्य लक्षांत ठेवावी. त्यानंतर १८९४ सालीं रविवर्मा यांनीं मुंबईस शिळाछापखाना काढला. तो पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस नेला. या धंद्यांत त्यांना नुकसान सोसावें लागलें, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं त्यांनीं तो छापखाना श्लायशर या जर्मन तंत्रज्ञास विकून टाकला. व्यवहार म्हणून पाहिलें तर हा पराभव होता. परंतु त्यांची लक्ष्मी आणि सरस्वती कोठें गेलीं तें आपण सर्व जाणतोंच. १८६७ सालीं मुंबईपासून नागपूरपर्यंत लोहमार्ग पुरा झाला होता. त्या मार्गानें कापूस मुंबईस जाई, आणि मुंबईहून इतर मालाबरोबर हीं चित्रेंहि अकोल्या-अमरावतीच्या बाजारांत येत. आमच्या पिढीनें आजीच्या देवघरांत जी लक्ष्मी पाहिली ती रविवर्म्याची लक्ष्मी. किंबहुना लक्ष्मी म्हटली कीं आमच्या डोळ्यांपुढें दुसरी येतच नाहीं. १९७२ सालीं मळवलीचा छापखाना आगींत सांपडला. पण सिडनहॅमची आग आणि ही आग यांत केवढें अंतर! तेथें चित्रें गेलीं. येथें दगड गेले, चित्रें घरोघर राहिलीं.

रविवर्मा यांच्याविषयीं आणखी एक गोष्ट सांगावयास हवी, आणि आमच्या विषयास तीच अधिक जवळची आहे. त्यांचे धाकटे बंधु सी. राजराजवर्मा हे स्वतः चित्रकार होते आणि थोरल्या भावाच्या कामांत त्यांचा मोठा हात होता. १८९५ पासून १९०४ पर्यंत ते रोजनिशी लिहीत असत. कोणाचें चित्र सुरू झालें, कोण बैठकीस येऊन बसला, कोठें प्रवास घडला, अशा रोजच्या बारीकसारीक गोष्टी तींत आहेत. ती रोजनिशी शंभर वर्षांनंतर, २००५ सालीं, ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाली, आणि रविवर्मा यांच्या चित्रशाळेंत प्रत्यक्ष काम कसें चाले हें जगास कळलें. राजराजवर्मा १९०५ सालीं वारले. भावाच्या कीर्तीच्या सावलींत ते सहज नाहींसे झाले असते. त्यांचें स्वतःचें अस्तित्व इतिहासांत टिकलें तें या वहीमुळें.

आपल्या महाराष्ट्रांत या वृत्तीचा उत्तम नमुना म्हणजे रावबहादुर महादेव विश्वनाथ धुरंधर. १८६७ सालीं कोल्हापुरास जन्मलेले धुरंधर १८९० सालीं जे. जे. स्कूलमध्यें विद्यार्थी म्हणून शिरले, तेथेंच शिक्षक झाले, आणि त्या संस्थेचे पहिले हिंदी संचालक होऊन १९३१ सालीं निवृत्त झाले. संस्थेचें काम संभाळून ते मागणीचें काम करीत. किंकेडच्या १९१४ सालच्या 'डेक्कन नर्सरी टेल्स' या आपल्या व्रतकथांच्या इंग्रजी पुस्तकास चित्रें त्यांचीं. पोस्टकार्डांवर मुंबईचे फेरीवाले आणि बायाबापड्या उतरल्या त्या त्यांच्याच हातून. त्यांच्यासारख्या सतत काम करणाराचीं चित्रें कोठें कोठें गेलीं याचा हिशेब त्यांनीं ठेवला नसता तर तो कोणासच लागला नसता. १९४० सालीं त्यांनीं 'कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें' हें आत्मवृत्त प्रसिद्ध केलें. त्यांत चित्रकार आपल्या कामाकडे मागें वळून पाहतो, त्याला क्रम लावतो, त्यांतलें काय सांगावें आणि काय सोडावें हें स्वतः ठरवितो. १९४४ सालीं त्यांचा अंत झाला; म्हणजे हें काम चार वर्षें लांबणीवर पडतें तर राहूनच गेलें असतें. पुढें दीनानाथ दलाल यांनीं १९४५ सालीं 'दीपावली' काढलें तेंहि आमच्या मतें याच वृत्तीचें फळ होय. प्रकाशकांच्या मागणीवरून मुखपृष्ठें करणाऱ्या चित्रकारानें वर्षांतून एकदां आपल्या मनाप्रमाणें मांडलेली ती चित्रशाळाच होती.

आतां चित्रशाळा मांडण्याचें काम ज्यांनीं प्रत्यक्ष इमारत उभी करून केलें, त्या एका हौशी चित्रकाराकडे वळूं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि हे राजे होते म्हणून आपण त्यांना हौशी म्हणत नाहीं इतकेंच. एरवीं कुंचल्याची त्यांची हौस आमच्या वरुडच्या शिक्षकांच्या जातीचीच होती. दिवसाचें काम संभाळून ते स्वतः चित्रें काढीत; १९१६ सालीं त्यांनीं आपलें 'चित्ररामायण' छापून प्रसिद्ध केलें. चित्रकारांना त्यांनीं आश्रय दिला, देशोदेशींच्या कलाकृति जमविल्या, आणि १९३८ सालीं औंधास यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभें केलें. रविवर्मा यांच्यापासून हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराच्या 'माता आणि बालक' या शिल्पापर्यंत नाना प्रकारचें काम तेथें आहे. संस्थान १९४८ सालीं विलीन झालें; १९५१ सालीं पंतहि गेले. राज्य गेलें, राजा गेला, आणि चित्रशाळा राहिली. ती राहिली याचें एक कारण आम्हांस असें दिसतें कीं ती पंतांनीं केवळ स्वतःच्या चित्रांची म्हणून मांडली नाहीं. पाहणाराच्या सोयीची म्हणून मांडली.

इतकें पाहिल्यावर आमच्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे परत येतां येतें. इंटरनेटवरील चित्रशाळा ही वर सांगितलेल्या सर्वांची वारस आहे. चित्रशाळा छापखान्याप्रमाणें ती घरोघर जाते, क्रिस्टल पॅलेसप्रमाणें ती हजारों लोकांस एकदम दिसते, आणि धुरंधरांच्या आत्मवृत्ताप्रमाणें ती मांडणारा स्वतः चित्रकार असतो. तिला जागेचें भाडें फारसें नाहीं, आणि वरुडांत बसून पुण्याच्या किंवा परदेशांतील मराठी कुटुंबास ती दाखवितां येते. गंगाराम तांबटाला जें स्वप्नांतहि लाभलें नसतें, म्हणजे स्वतःच्या चित्रशाळेची किल्ली स्वतःच्या हातांत, तें आज एका शिक्षकास लाभूं शकतें. परंतु ज्यांची ती वारस आहे त्यांचे धोकेहि तिच्याकडे आले आहेत, आणि ते तीन आहेत.

पहिला धोका आगीचा. दुसऱ्याच्या जागेवर मांडलेली चित्रशाळा जागेचा धनी वाटेल तेव्हां बंद करूं शकतो. 'जिओसिटीज' नांवाच्या ठिकाणीं लाखों हौशी लोकांनीं आपापलीं पानें मांडलीं होतीं. २००९ सालीं तें बंद झालें. आपल्याकडे घराघरांतील तरुणांस परिचित असलेलें 'ऑर्कुट' ३० सप्टेंबर २०१४ रोजीं बंद झालें. धूर दिसला नाहीं एवढाच सिडनहॅमशीं त्यांचा फरक. म्हणून आम्हीं गृहस्थांस सांगितलें कीं, लोकांस दाखवावयाची प्रत लहान असूं द्या आणि ती इंटरनेटवर ठेवा; मूळची मोठी प्रत मात्र घरीं एका वेगळ्या डिस्कवर, आणि तशीच दुसरी एखाद्या नातलगाच्या घरीं असूं द्या. दोन छपरें हवींत. ग्रिफिथ्सचा ग्रंथ ज्या कारणानें वांचला त्याच कारणानें आपलें काम वांचेल.

दुसरा धोका हक्काचा, आणि याची जाणीव हौशी लोकांत फारच थोडी आहे. आपल्या देशांतील १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें, कोणी मोबदला देऊन आपल्या सांगण्यावरून चित्र काढवून घेतलें, आणि उलट कांहीं करार झालेला नसला, तर त्या चित्राच्या प्रती काढण्याचा पहिला हक्क चित्र काढवून घेणाराचा असतो, काढणाराचा नव्हे. म्हणजे आपणच काढलेलें चित्र आपल्या चित्रशाळेंत मांडतांना चित्रकारास धन्याची संमति लागते. हें ऐकून आमचे गृहस्थ चकित झाले. पण उपायहि त्याच वाक्यांत आहे. काम घेतांनाच दोन ओळींचें पत्र करावें, आणि चित्राची प्रत आपल्या चित्रशाळेंत ठेवण्यास धन्याची संमति आहे किंवा नाहीं तें त्यांत लिहून घ्यावें. कोणास आपल्या आईचें चित्र जगास दिसावें असें वाटत नसेल, तर तोहि मान राखावा. शोक ही प्रदर्शनाची वस्तु नव्हे. दुसऱ्या अंगानें याच कायद्यानें चित्रकारास एक गोष्ट दिलेली आहे. हक्क विकला गेला तरी हें काम माझें आहे असें म्हणण्याचा त्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. चित्र जावो, प्रतीचा हक्क जावो, नांव जात नाहीं. मात्र तें सिद्ध करावयास नोंद हवी. आणि नोंद ठेवणें हें कोणत्याहि कायद्याचें काम नव्हे, तें ज्याचें त्यानेंच करावयाचें आहे.

तिसरा धोका गर्दीचा. हातीं जागा मोफत आली कीं मनुष्य सर्वच मांडूं पाहतो. आमच्या वरुडचा बागाईतदार आंबिया बहाराचीं संत्रीं बाजारांत पाठवितो तेव्हां मोठीं, मध्यम, बारीक अशी प्रतवारी केल्याखेरीज पाठवीत नाहीं. सगळीं एकत्र ओतलीं तर उत्तम फळासहि बारीक फळाचाच भाव येतो हें त्याला ठाऊक आहे. चित्रशाळेचेंहि तसेंच आहे. दफ्तर आणि चित्रशाळा यांत भेद केला पाहिजे. दफ्तरांत सर्व चित्रें असावींत, फसलेलीं आणि लाजिरवाणींहि. तें घरांत ठेवावें. चित्रशाळेंत निवडक असावींत, वीस-पंचवीस पुरेत. तीं तारखेच्या क्रमानें न मांडतां प्रकारानें मांडावींत: व्यक्तिचित्रें एकीकडे, देवादिकांचीं एकीकडे, निसर्गदृश्यें एकीकडे, कारण पाहणारा चित्रकाराचें चरित्र शोधावयास येत नाहीं, आपल्याला हवें तसें काम हा मनुष्य करूं शकेल कीं नाहीं तें पाहावयास येतो. प्रत्येक चित्राखालीं साल, माध्यम आणि आकार लिहावा. काम पुरें होण्यास किती दिवस लागतील आणि मोबदला काय पडेल हें संकोच न बाळगतां सांगावें. वर्षांतून एकदां, दिवाळीच्या साफसफाईबरोबर म्हणा, नवीं चांगलीं चित्रें घालून जुनीं दुबळीं काढावींत.

हें सर्व ऐकून घेतल्यावर गृहस्थांनीं एक प्रश्न केला तो आम्हांस फार मार्मिक वाटला. "इतकें करावयाचें तें माझ्यासारख्यानें कशाला? मी कांहीं धुरंधर नव्हे." आम्हीं त्यांस इतिहासाचार्य राजवाडे यांची आठवण करून दिली. १८९८ सालीं त्यांनीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, आणि पुढें आयुष्यभर गांवोगांव हिंडून वाड्यांतले, माळ्यांवरले कागद गोळा केले. त्या कागदांत पेशव्यांचींच पत्रें होतीं असें नव्हे. कारकुनांच्या याद्या होत्या, जमाखर्च होते, सामान्य माणसांच्या चिठ्ठ्या होत्या. ज्यांनीं ते कागद लिहिले त्यांना आपण इतिहास लिहीत आहों असें वाटलें नव्हतें. पण त्यांनीं तारीख घातली, नांव घातलें, आणि कागद दप्तरांत बांधून ठेवले. त्या तीन साध्या संवयींवर आपला सारा इतिहास उभा आहे. एखाद्या तालुक्याच्या गांवीं दहा-बारा वर्षांत लोकांनीं कोणाच्या तसबिरी काढून घेतल्या, कोणते देव मागितले, नवरा-नवरीस कोणत्या पेहरावांत पाहूं इच्छिलें, हें शंभर वर्षांनंतर कोणास जाणून घ्यावेंसें वाटलें, तर एका हौशी शिक्षकाची यादी हेंच त्याचें साधन होईल.

गृहस्थ कांहीं बोलले नाहींत. पुढच्या रविवारपासून मात्र त्यांनीं एक काम आरंभिलें. एक पक्क्या बांधणीची वही घेतली, आणि आठवतील तेवढीं घरें तींत लिहून काढलीं. नंतर वरूड, मोर्शी, शेंदुरजना घाट अशीं जवळचीं गांवें एकेक रविवारीं फिरून, घरमालकांची परवानगी घेऊन, ते आपल्याच चित्रांचीं छायाचित्रें घेऊं लागले. आम्हीहि एका रविवारीं त्यांच्याबरोबर गेलों होतों. एका घरीं वृद्ध बाईंनीं पतीची तसबीर भिंतीवरून उतरवून अंगणांत उजेडांत आणून दिली. गृहस्थांनीं छायाचित्र घेतलें, मग चौकट उलटी करून पाहिली. मागें कोरा पुठ्ठा होता. नांव नव्हतें, साल नव्हतें. त्यांनीं बाईंना विचारलें, "आई, यावर मागें माझें नांव लिहूं का?" बाई म्हणाल्या, "लिहा ना बाप्पा. नातवंडं विचारतात कोनं काढला म्हणून, तं मले सांगताच येत नाहीं."

त्यांनीं खिशांतली पेन्सिल काढली आणि पुठ्ठ्यावर नांव, गांव आणि साल लिहिलें. तसबीर पुन्हां भिंतीवर गेली. वहींतल्या त्या घरापुढें त्यांनीं बरोबरची खूण केली, आणि आम्ही पुढच्या घराकडे निघालों.